जनुकीय चाचणी: बिल एकदाच, जबाबदारी वर्षानुवर्षं

प्रश्न असा आहे: जनुकीय चाचण्यांचा उद्योग जगभर झपाट्याने वाढतोय असं सतत वाचायला मिळतं, पण त्याच उद्योगातल्या नावाजलेल्या कंपन्या दिवाळखोरीत निघतात. मग ही वाढ खरी की फुगवलेली? आणि जीवशास्त्र शिकून या क्षेत्रात यायचं असेल, तर कोणत्या अडचणी आधीच माहीत असाव्यात?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. माझं काम साखळीच्या शेवटच्या टोकाचं. यंत्रातून बाहेर पडलेल्या, डीएनएतल्या बदलांच्या यादीतून आजाराशी संबंध असलेला बदल कोणता हे ठरवायचं, रिपोर्टवर सही करायची आणि नंतर डॉक्टरांशी, कुटुंबांशी त्याबद्दल बोलायचं. उत्तर त्या खुर्चीतून देतो आहे. वाढ खरी आहे. कंपन्या बुडतात तेही खरं आहे, आणि माझ्या मते त्याचं मूळ एकच: या व्यवसायात बिल एकदाच फाडलं जातं, पण रिपोर्टची जबाबदारी पंधरा-वीस वर्षं संपत नाही. त्या उरलेल्या वर्षांचे पैसे कोण देणार, हे अजून कुणी नीट ठरवलेलं नाही.

आधी वाढीबद्दल. मानवी जनुकसंच, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, वाचण्याचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर. २०१४ मध्ये इल्युमिना कंपनीने एका माणसाचा पूर्ण जनुकसंच हजार डॉलरमध्ये वाचता येईल असं यंत्र आणलं आणि २०२२ मध्ये नव्या यंत्रासोबत हाच आकडा दोनशे डॉलरवर आणल्याचं सांगितलं. एवढ्या थोड्या वर्षांत एवढी स्वस्ताई वैद्यकात क्वचितच कुठल्या तंत्राच्या वाट्याला आली असेल. पण हे आकडे प्रामुख्याने यंत्र आणि रसायनं यांचे. त्यात अर्थ लावणाऱ्याचा पगार नाही, रुग्णाशी बोलणाऱ्याचा वेळ नाही, डेटा साठवण्याचा खर्च नाही.

स्वस्ताईने दार उघडलं, पण माणसं आत आली ती वेगवेगळ्या कारणांनी. कर्करोगात चाचणीच्या निकालावर औषध ठरू लागलं. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या गाठींवर चालणारं ओलापॅरिब हे औषध २०१४ मध्ये मंजूर झालं आणि तेव्हापासून चाचणी उपचाराचाच भाग झाली. गर्भारपणात, आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो हे संशोधक डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. २०११ मध्ये त्यावरची चाचणी बाजारात आली आणि काही वर्षांतच ती जगभर रूढ झाली. दुर्मीळ आजारांत, वर्षानुवर्षं एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरणाऱ्या मुलांसाठी एक्सोम चाचणी आली. त्यात प्रथिनं बनवणारा, जनुकसंचाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग तपासतात, आणि तरीही साधारण तीन-चार मुलांमागे एकाचं निदान लागतं. ज्या आईला दहा वर्षं 'कळत नाही' हेच ऐकावं लागलं, तिच्यासाठी आजाराला नाव मिळणं किती मोठं असतं, हे त्या खोलीत बसलेल्यालाच कळतं.

एक निकालही मोठा ठरला. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांवर मिरियड जेनेटिक्स या अमेरिकी कंपनीचं पेटंट होतं. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की निसर्गात सापडणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येणार नाही. लगेच इतर लॅबनी त्याच चाचण्या जाहीर केल्या आणि दर उतरले. त्याआधी महिनाभर अँजेलिना जोलीने आपल्या बीआरसीए-१ दोषाबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल जाहीर लिहिलं होतं, त्यामुळे विचारणा करणाऱ्यांची रीघ लागलेलीच होती. मात्र पेटंट गेलं तरी हजारो बदलांबद्दलची जमवलेली माहिती मिरियडकडेच राहिली. कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी, हे कळायला तीच तर हवी होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या क्लिनव्हार या सार्वजनिक डेटाबेसमध्ये मग लॅब आपापली वर्गीकरणं जमा करू लागल्या. आज क्लिनव्हार न उघडता माझा एकही दिवस जात नाही.

आता अडचण जिथे राहते तिथे जाऊ. समजा चाळिशीतली एक स्त्री आहे. आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला. तिच्या चाचणीत बीआरसीए-२ मध्ये एक बदल सापडतो. प्रथिनाच्या लांब साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, बाकी काही नाही. मी पहिल्यांदा बघतो की सर्वसामान्य लोकांत हा बदल किती जणांत आहे. नोमॅड या डेटाबेसमध्ये लाखो लोकांत जेमतेम चार जण सापडतात. म्हणजे बदल दुर्मीळ आहे, पण दुर्मीळ म्हणून घातक ठरत नाही. आपल्या प्रत्येकात असे दुर्मीळ बदल ढिगाने असतात. मग बघतो की ती जागा इतर प्राण्यांत तशीच टिकून आहे का. संगणकी अंदाज सांगणारी दोन साधनं 'घातक' म्हणतात, तिसरं 'निरुपद्रवी'. प्रयोगशाळेत कुणी हा बदल पेशीत घालून पाहिलाय का? नाही. क्लिनव्हारमध्ये दोन लॅबनी 'अनिश्चित' लिहिलंय, एकीने 'बहुधा निरुपद्रवी'. मग कुटुंब तपासतो. आईत बदल आहे, पण कर्करोग झालेल्या मावशीत नाही. हा पुरावा बदल घातक असण्याच्या विरोधात जातो, तरी निर्णायक नाही, कारण स्तनाचा कर्करोग इतका आढळणारा आजार आहे की मावशीला तो वेगळ्या कारणानेही झालेला असू शकतो.

अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या आणि आण्विक पॅथॉलॉजीच्या संघटनांनी २०१५ मध्ये दिलेल्या नियमांनी हा सगळा पुरावा तोलायचा असतो. घातक, बहुधा घातक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी अशा पाच पायऱ्या आहेत. वरचा बदल अनिश्चितवर थांबतो. आम्ही त्याला व्हीयूएस म्हणतो. व्हीयूएसच्या आधारे उपचार ठरवायचे नाहीत. या स्त्रीची पुढची तपासणी तिच्या कौटुंबिक इतिहासावरून ठरवायची, बदल सापडलाच नव्हता असं धरून. पण रिपोर्टवर 'बीआरसीए-२' हे शब्द छापलेले असतात. घाबरलेली व्यक्ती तेवढंच वाचते, आणि घाईतला डॉक्टरही कधी कधी तेवढंच वाचतो. व्हीयूएसवरून स्तन काढून टाकण्याची तयारी झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत. ती थांबवायला तास-दीड तास बोलावं लागतं, अनेकदा दोनदा-तीनदा. त्या तासाचे पैसे चाचणीच्या किमतीत धरलेले नसतात.

एकाच चाचणीत अनेक जनुकं तपासतात त्याला पॅनेल म्हणतात. पॅनेलमध्ये जितकी जास्त जनुकं, तितके जास्त व्हीयूएस. तरीही बाजारात 'आमच्या पॅनेलमध्ये इतकी जनुकं जास्त' अशी जाहिरात चालते. जिथे पुरावा कच्चा आहे ती जनुकं पॅनेलमध्ये घालून रुग्णाचं काहीही भलं होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे अनिश्चित बदल कायम अनिश्चित राहत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा लाखांहून जास्त लोकांच्या वंशागत कर्करोग चाचण्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात, ज्या व्हीयूएसचा पुढे निकाल लागला त्यांतले सुमारे ९१ टक्के निरुपद्रवी बाजूला गेले. म्हणजे पुष्कळ लोक वर्षानुवर्षं जी भीती घेऊन जगतात, ती पुढे निराधार ठरते. पण हे त्यांना कळवणार कोण? लॅब म्हणते, आम्ही सुधारित रिपोर्ट डॉक्टरला पाठवला. डॉक्टरने दवाखाना बदललेला असतो. रुग्णाचा फोन नंबर बदललेला असतो. उलट बाजूही आहे: 'अनिश्चित' म्हणून सोडून दिलेला बदल घातक ठरला आणि मधल्या काळात बहिणीला, मुलीला कुणी सांगितलंच नाही, असंही होतं. नवीन माहिती आल्यावर जुन्या रुग्णांना गाठण्याचं काम बहुतेक ठिकाणी कुणाच्याही नेमून दिलेल्या कामात नसतं. दुर्मीळ आजारांतही तेच. ज्या मुलाचं निदान एक्सोममध्ये लागलं नाही, त्याचाच जुना डेटा दोन वर्षांनी पुन्हा चाळला तर कधी उत्तर सापडतं, कारण मधल्या काळात नवीन जनुकाची माहिती प्रसिद्ध झालेली असते. नवं सॅम्पल लागत नाही, फक्त माणसाचा वेळ लागतो. आणि नेमकं त्याच वेळेचं बिल कुठे लावायचं ते कळत नाही.

डेटा कुणाचा जमलाय, हाही मुद्दा इथेच येतो. २०१६ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या वंशागत आजारासाठी 'घातक' ठरवलेले काही बदल प्रत्यक्षात निरुपद्रवी होते. ते आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्रास आढळतात. सुरुवातीच्या अभ्यासांत ती माणसं पुरेशी नव्हती, म्हणून बदल दुर्मीळ वाटला आणि दुर्मीळ म्हणून घातक ठरला. काही कृष्णवर्णीय अमेरिकन रुग्णांना त्यामुळे चुकीचे रिपोर्ट गेले. आजही जनुकीय अभ्यासांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. बाकीच्यांच्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस जास्त येतात, आणि अनेक जनुकांची बेरीज करून काढलेले जोखमीचे गुण (स्कोअर) त्यांना कमी लागू पडतात. हे मला या उद्योगातलं सगळ्यात अन्यायाचं वास्तव वाटतं, कारण पैसे मात्र सगळ्यांकडून सारखेच घेतले जातात.

गर्भारपणातल्या चाचणीचं गणितही एकदा मांडून बघा, कारण '९९ टक्के अचूक' या शब्दांनी खूप नुकसान केलंय. समजा चाचणी डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातले ९९ गर्भ ओळखते, आणि निरोगी गर्भाला चुकून पॉझिटिव्ह म्हणण्याचं प्रमाण हजारात एक. तरुण वयाच्या एक लाख गर्भवती घेऊ, ज्यांच्यात हे प्रमाण हजारी एक धरू. बाधित गर्भ १००, त्यांतले ९९ सापडले. उरलेल्या ९९,९०० निरोगी गर्भांतले सुमारे १०० चुकून पॉझिटिव्ह आले. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या दोघींपैकी एकीचं बाळ निरोगी आहे. चाळिशीच्या आसपास प्रमाण शंभरात एक धरलं, तर तीच चाचणी दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरते. आणि चार हजारांत एक आढळणारा गुणसूत्राचा बारीक तुकडा गळण्याचा विकार घेतला, तर लाखात बाधित २५. त्यांतले २० सापडले तरी चुकीचे पॉझिटिव्ह पुन्हा शंभरच. सहातला एकच रिपोर्ट खरा.

शिवाय रक्तात तरंगणारा हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, आणि वार व बाळ यांची गुणसूत्रं कधी कधी वेगळी असतात. म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. पॉझिटिव्ह आल्यावर गर्भजलाची किंवा वारेच्या तुकड्याची तपासणी झालीच पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, यावर जाहीर इशारा द्यावा लागला, कारण केवळ चाळणीच्या निकालावर गर्भपात झाल्याची प्रकरणं त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. कंपन्यांनी मूळ चाचणी चांगली विकली जाते हे पाहून त्यात दुर्मीळ विकार जोडत नेले. गणित मात्र जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात राहिलं.

घरी थुंकी जमा करून पाठवायच्या किटबद्दल फार लिहीत नाही, पण ट्वेन्टीथ्री-अँड-मीची गोष्ट या प्रश्नाच्या मुळाशी आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीला नोव्हेंबर २०१३ मध्ये एफडीएने आरोग्याचे रिपोर्ट थांबवायला लावले. नंतर टप्प्याटप्प्याने परवानगी मिळाली. २०१८ मध्ये बीआरसीएचे तीन बदल सांगायची परवानगी मिळाली, आणि हे तीन बदल प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू, म्हणजे मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू, वंशाच्या लोकांत आढळतात. बीआरसीए जनुकांत घातक बदल हजारो आहेत. तीन न सापडल्याने इतर कुणाला धीर मिळाला असेल तर तो फसवा होता. २०१८ मध्येच एका क्लिनिकल लॅबने, अशा किटच्या कच्च्या डेटात दिसलेले बदल नीट तपासून पाहिले. संख्या लहान होती, पण त्यांतले ४० टक्के मुळात अस्तित्वातच नव्हते.

कंपनीचे ग्राहक सुमारे दीड कोटींवर गेले आणि तिथे अडचण उघडी पडली. माणूस किट एकदाच घेतो. जनुकं बदलत नाहीत, मग दुसऱ्यांदा का घेईल? औषधसंशोधन आणि वर्गणी यांवर कंपनी तरेल असा हिशेब होता, तो जमला नाही. २०२३ मध्ये, इतर ठिकाणांहून फुटलेले पासवर्ड वापरून चोरांनी सुमारे १४,००० खाती उघडली आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. रीजेनेरॉन या औषधकंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली, शेवटी संस्थापक अ‍ॅन वोजिकी यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटींना ती घेतली. त्या मधल्या महिन्यांत दीड कोटी लोकांचा डीएनए मालमत्तेच्या यादीत होता.

इन्व्हिटेची कथा वेगळी वाटते पण तिथेच पोहोचते. ती डॉक्टरांमार्फत चालणारी, दर्जेदार क्लिनिकल लॅब होती आणि तिचं काम आम्ही सगळेच मानायचो. दर खाली आणायचे, सॅम्पल वाढवायचे, बाजार मिळवला की नफा येईल असा विचार होता. सॅम्पल आले, तोटा वाढत राहिला, कर्ज डोक्यावर बसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी, मग लॅबकॉर्प या मोठ्या लॅब कंपनीने विकत घेतली. मागणी नसल्याने बुडालेल्या या कंपन्या नाहीत. सॅम्पल दुप्पट झाले की यंत्राचा दर कमी होतो, पण अर्थ लावायला दुप्पट माणसं लागतात, आणि विमा कंपनी चाचणीचे पैसे देतानाच खळखळ करते, मग मागच्या वर्षीच्या रुग्णाला फोन करण्याचे पैसे कुठून देईल?

गोपनीयतेवर लोक बहुतेक वेळा फक्त चोरीचा विचार करतात. खरी गाठ अशी की तुमचा डीएनए एकट्या तुमचा नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना सराईत खुनी सापडला तो दूरच्या नातेवाइकांनी जेडमॅच या वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएमुळे. खुनी सापडला याचा मला आनंदच आहे, पण ज्याने कधी चाचणी केली नाही तोही शोधता येतो हे त्यातून सगळ्यांना दिसलं. कायद्याचं संरक्षण अर्धवट आहे. अमेरिकेचा २००८ चा जिना कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांत भेदभावाला मनाई करतो, आयुर्विमा त्याच्या कक्षेत नाही. म्हणून तिथले लोक चाचणीआधी आयुर्विमा काढायचा का, असं विचारतात, आणि समुपदेशकाला त्याचं प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं.

एवढं सगळं असूनही मी हे काम सोडणार नाही, आणि नव्याने येणाऱ्याला मागे फिरा असंही म्हणणार नाही. चाचणी चांगली कशी असते त्याचा माझा आवडता नमुना अ‍ॅबाकॅविरचा. एचआयव्हीवरच्या या औषधाने काही रुग्णांना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी व्हायची. एचएलए-बी ५७:०१ हा प्रकार ज्यांच्यात आहे त्यांनाच ती होते हे कळलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दोन हजार रुग्णांच्या चाचणीत, आधी तपासून औषध दिलेल्या गटात खात्रीशीर अ‍ॅलर्जीचा एकही रुग्ण निघाला नाही. न तपासलेल्या गटात २.७ टक्के निघाले. प्रश्न स्पष्ट, उत्तर हो किंवा नाही, आणि उत्तरावर काय करायचं तेही ठरलेलं. ज्या चाचणीत या तिन्ही गोष्टी आहेत ती टिकते.

व्हीयूएसच्या ढिगाऱ्यावरही उपाय येतो आहे. २०१८ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका गटाने बीआरसीए-१ च्या महत्त्वाच्या १३ भागांत एका अक्षराचे जवळजवळ सगळे शक्य बदल, सुमारे ३,९००, प्रत्यक्ष पेशींत करून पाहिले. या पेशी बीआरसीए-१ शिवाय जगत नाहीत. बदल घातक असेल तर पेशी मरते, नसेल तर वाढते. त्यामुळे रुग्णात तो बदल कधी सापडायच्या आधीच त्याचा निकाल हाताशी आला. मी ते कोष्टक उघडून एखादा रखडलेला व्हीयूएस निकालात काढतो, तेव्हा एका कुटुंबाची टांगती तलवार उतरते. २०२३ मध्ये आलेल्या अल्फामिसेन्ससारख्या संगणकी अंदाजांनीही मदत होते, पण तो पुराव्याचा एक तुकडाच. त्यावर एकट्याने सही करायची नाही.

करिअरबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. यंत्र चालवणारे मिळतात. बदलांचा अर्थ लावणारे आणि कुटुंबाशी नीट बोलणारे मिळत नाहीत. संख्याशास्त्र पक्कं करा, वंशावळ हाताने काढायला शिका, आणि शक्य असेल तर समुपदेशकाच्या शेजारी बसून काही महिने नुसतं ऐका. नोकरी निवडताना लॅबला विचारा की बदलाचं वर्गीकरण बदललं तर जुन्या रुग्णांना कळवण्याचं काम कुणाकडे आहे. नाव सांगता आलं नाही तर काय समजायचं ते समजा. आणि क्लिनव्हारमध्ये त्या लॅबचं नाव शोधा: तिने किती वर्गीकरणं जमा केली आणि शेवटची कधी केली, हे तिथे कुणालाही पाहता येतं. अर्ज पाठवण्याआधी तेवढं बघून घ्या.